उत्तरेची खोली

हानगोल,
७ ऑक्टोबर १९७५

ताई,

भात कापून झालं. पेंढ्या अजून बांधावर उभ्या आहेत. चुसोकला, पितरांच्या सणाला, बाबांच्या कबरीवरचं गवत मी एकट्यानेच काढलं. त्यांना तुझ्या वाटचा दारूचा पेलाही मीच ओतला.

तुझे कागद परवा आले. पाकीट जाड होतं, म्हणून पोस्टमन सायकल टेकवून दारातच उभा राहिला. आई त्याला म्हणाली, "काय रे, लग्नाची पत्रिका आहे का? वाचून झाल्यावर जेवायला थांबणार आहेस?" तो हसला, पण हलला नाही. तू तिकडची नागरिक झालीस आणि आता आम्हा सगळ्यांना बोलावून घेऊ शकतेस, हे त्याला आधीच ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं.

तर आम्ही येणार, एवढं ठरलं. कुठे राहायचं ते ठरत नाही.

जोंगिमचे मामा लॉस एंजेलिसला विगचं दुकान चालवतात. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होणार आहेत. तिथे दुकानांच्या पाट्या आपल्या लिपीत आहेत म्हणे. जोंगिमचं मन तिकडे आहे, माझं तुझ्याकडे. आम्ही नवराबायको बोलत असतो आणि आई मिरच्यांचे देठ खुडत असते. मुलगा आईला सोडून राहत नाही, तेव्हा आई जिथे राहील तिथेच सगळे राहणार, हे तिला पुरतं कळतं. काल विहिरीवर तिने सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "पाठीला डोंगर नाही त्या घरात मी पाऊल टाकणार नाही. मग ती अमेरिका असो नाहीतर स्वर्ग."

मामांना कळवलं. ते लिहितात, दुकानामागे गाड्या लावायची जागा आहे.

म्हणून तुला विचारतो. आपल्या घरामागे मेण्याचा डोंगर आहे, तसं तुझ्या घरामागे काही आहे का? सात वर्षांत तू जेवढे फोटो पाठवलेस, त्या सगळ्यांची वरची कड कात्रीने कापलेली आहे. आई म्हणते, "हिच्या एकाही घराला कपाळ नाही." पाकिटात मावत नाहीत म्हणून कापतेस का?

आमची मिरान दहा वर्षांची झाली. तिला तुझा आवाज कसा आहे ते सांगता येत नाही आम्हाला.

सोकजू

ऑर्विन, कॅन्सस,
२ नोव्हेंबर १९७५

सोकजू,

तुझं पत्र हॉस्पिटलात नेलं आणि जेवणाच्या सुटीत पुन्हा वाचलं. बरोबरच्या नर्सने विचारलं, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, भात कापून झालं. ती माझ्याकडे बघत राहिली.

या आठवड्यात इथे कोबी स्वस्त झाला. गोल, घट्ट, आपल्यासारखा लांब नाही. मी चार गड्डे आणून मिठात घातले. एकटीची हिवाळ्याची किमची एका दुपारी होते. आपल्याकडे तीन दिवस पुरायचे नाहीत. आई मिठाचं पाणी चाखून थुंकायची आणि शेजारची बुनरेची आई म्हणायची, "थुंकतेस कशाला, नवऱ्याला दे चाखायला. त्याला तुझ्या हातचं कधी खारट लागलंय का?" बाबा खळ्यात ऐकायचे आणि खोकायचे. माझी बोटं गारठून लाल व्हायची. ती मी तुझ्या मानेला लावायचे आणि तू किंचाळायचास. आता बोटं मी गरम पाण्याच्या नळाखाली धरते. कोणी किंचाळत नाही.

गाव म्हणशील तर एक मोठा रस्ता, हॉस्पिटल, दोन चर्च आणि एक पिठाची गिरणी. गिरणीत माणसं लागतात. तिथल्या मुकादमाच्या आईची मी शुश्रूषा केली होती, तो तुला घेईल. भूगोल शिकवायला मिळणार नाही. माझं घर लाकडाचं आहे, तोंड दक्षिणेला. तीन खोल्या आहेत. शिवाय मागे उत्तरेला एक सामानाची खोली. वारा तिथे आधी लागतो, म्हणून ती मी बंद ठेवते. शेजारी क्लाइनबाई राहतात, वय ऐंशी. त्यांचा कुत्रा संध्याकाळी कुठेतरी निघून जातो, मग त्या मला हाक मारायला सांगतात, कारण माझा आवाज मोठा आहे. मिरानला सांग. मी परसात उभी राहून हाक मारते. हाक जाते ती जातेच. कुत्रा मात्र परत येतो.

लॉस एंजेलिस मी पाहिलेलं नाही. तिथे आपली माणसं आहेत, हे मोठंच आहे. इथे मी एक आहे. तुम्ही आलात तर पाच होऊ.

फोटो पाकिटात मावत नाहीत म्हणूनच कापते.

आईला सांग, घरामागे डोंगर आहे. फार मोठा नाही.

ताई

हानगोल,
१४ डिसेंबर १९७५

ताई,

पर्सिमॉनची फळं सोलून दोऱ्यांना वाळत टांगली. ओसरी नारिंगी झाली आहे. तुझ्या वाटचा एक दोरा मिरानने वेगळा बांधलाय. तो तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

शाळेत अमेरिकेचा मोठा नकाशा आहे. बारा वर्षं मी त्याच्यावर छडी टेकवून शिकवतो आहे. पश्चिमेला तपकिरी म्हणजे डोंगर. मध्ये हिरवं म्हणजे मैदान. मैदान म्हणजे गहू. मुलं एका सुरात म्हणतात, मैदान म्हणजे गहू. तुझं गाव त्यात नाही, पण जिथे असायला हवं तिथे मी बोट ठेवून पाहिलं. हिरवंच आहे. आजूबाजूला कुठे तपकिरी ठिपकासुद्धा नाही. सहज लिहिलं.

दुसरं एक चांगलं सापडलं. तू आणि आम्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर आहोत. म्हणजे भर दुपारी तुझ्या अंगणात काठी रोवली आणि आपल्याकडे तेवढीच रोवली, तर दोन्हींची सावली सारखी पडेल. मला हे इतकं आवडलं की मी वर्गात सांगितलं आणि घरी येऊन आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, सावलीला पाठ टेकून बसू?"

डोंगर आहे म्हटल्यावर ती खूश झाली असावी. त्या दिवशी भात जास्त जेवली. मग मिरानला पुन्हा मेण्याची गोष्ट सांगितली. नवरीचा मेणा निघाला होता, चार भोई होते, डावीकडचा एक वाटेतच पळाला. मेणा त्या बाजूला कलला आणि तसाच दगड झाला. मिरानने विचारलं, "नवरी अजून आत आहे?" आई म्हणाली, "नाही गं. पडदा उघडून बघितलं तर आत कोणी नव्हतं. ती अमेरिकेला गेली होती."

दुसऱ्या दिवशी ती बे आजोबांकडे गेली. बाबांच्या कबरीची जागा त्यांनीच पाहून दिली होती, आठवतं ना? ते म्हणाले, न पाहिलेल्या जमिनीबद्दल मी बोलत नाही, चित्र मागवा. तेव्हा चित्र पाठव. घर कुठे, डोंगर कुठे, पाणी कुठे आणि उत्तर कुठे.

मामांना आपल्या चांद्र नववर्षापर्यंत उत्तर द्यायचं आहे. जोंगिम म्हणते, "वन्संना डोंगर दिसतो, मला भाडं दिसतं." तिचंही चुकत नाही.

सोकजू

ऑर्विन,
८ जानेवारी १९७६

सोकजू,

शाळेच्या त्याच भिंतीवर आपल्या देशाचाही नकाशा होता. मी त्याच्याखाली सहा वर्षं बसले. त्यात मेण्याचा डोंगर होता का? मला आठवतं, हानगोलच्या जागी हिरवं होतं. नकाशा काढणारे आपल्या गल्लीत आले नव्हते. माझ्या गल्लीतही आले नसतील.

चित्र सोबत आहे. शाळेत माझा हात कसा होता ते तुला ठाऊक आहे. गाय काढली की मास्तर विचारायचे, हे टेबल कोणाचं? बऱ्याचदा खोडावं लागलं, कागद विरलाय. घरापुढे ओढा आहे, तो उन्हाळ्यात आटतो. चित्रात वर उत्तर.

काढता काढता चादरी आठवल्या. मेण्यावर ढग बसला की आई घरातूनच ओरडायची, "चादरी आत घ्या!" मी पळत सुटायचे आणि तू दोरीवरच्या ओल्या चादरीत लपून बसायचास. आई डोंगराकडे पाठ करून उभी असायची, तरी तिला ढग कसा कळायचा? इथे मी रेडिओ ऐकून कपडे वाळत घालते. रेडिओ चुकतो.

बे आजोबा अजून आहेत हे वाचून बरं वाटलं. मला वाटलं होतं, एव्हाना त्यांच्याच कबरीची जागा कोणीतरी पाहिली असेल.

ताई

हानगोल,
५ फेब्रुवारी १९७६

ताई,

तुझ्या चित्राची गंमत ऐक.

आपल्या नववर्षाच्या आदल्या दिवशी आईने बे आजोबांना बोलावलं. चुलीच्या धगीने तापलेल्या जमिनीवर बसवलं, पुढ्यात तांदळाच्या दारूचा, माक्कोलीचा वाडगा ठेवला. बुनरेची आई न बोलावता आली. आजोबांनी चष्मा पुसला आणि तुझं चित्र गुडघ्यावर ठेवून खूप वेळ पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईने वाडगा भरला.

"जागा चांगली आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आजोबा, डोंगर डावीकडे जरा कललाय. चालतं का?"

"आपला नाही का कललेला? आपण मेलो का? ज्या डोंगराला खोड नाही, तो डोंगर खोटा."

आईने पुन्हा वाडगा भरला. आजोबा म्हणाले, "फार चांगली जागा आहे."

बुनरेची आई म्हणाली, "आजोबा, अमेरिकेतल्या जागेचं एवढ्याशा माक्कोलीत कसं सांगितलंत? विमानाचं भाडं तरी मागायचं!" सगळे हसले. आई हसली नाही. तिने चित्राची घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. म्हणाली, "ओकबुनकडे जायचं. ठरलं."

ताई, मी त्याच संध्याकाळी मामांना नकार कळवला. शाळेत राजीनामा दिला. शाळेचं वर्ष संपताना सुटका होईल. घर चुलतभाऊ घेतोय. जोंगिम दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गिरणीत पीठ तरी फुकट मिळेल का?" म्हणजे तयार झाली.

रांजण वाटायला सुरुवात केली आहे. सोयाबीनचा जुना रांजण द्यायची वेळ आली तेव्हा आई आत जाऊन बसली. मी ओट्यावरून तो उचलला तर खाली गोल कोरडी जागा. माझ्या जन्माआधीपासून तिथे पाऊस पडलेला नाही. किमचीवर ठेवायचा दगड मात्र ती बरोबर आणणार म्हणते, तो मेण्याच्या पायथ्याचा. जोंगिम म्हणाली, "विमानात वजन धरतात, आई. अमेरिकेत दगड नाहीत का?" आई म्हणाली, "असतील. ओळखीचे नसतील."

रोज शाळेतून येताना बांधावर थांबतो. तू जिथून मला हाक मारायचीस तिथे. आता पोचायला फार दिवस नाहीत.

सोकजू

ऑर्विन,
१ मार्च १९७६

सोकजू,

घाई करू नकोस. मामांना पुन्हा लिही, आजच लिही.

मी इथे चौकशी केली. लॉस एंजेलिसला बर्फ पडत नाही. आईच्या गुडघ्यांना ते बरं. तिथे आपला तांदूळ मिळतो, लांब कोबी मिळतो, रविवारी चर्चमध्ये आपल्या भाषेत बोलतात. जोंगिमला भाजी घेताना बोटाने दाखवावं लागणार नाही. मला इथे पहिली दोन वर्षं दाखवावं लागलं. मिरानला वर्गात आपल्यासारखं दुसरं कोणी भेटेल. आणि शहराभोवती डोंगर आहेत. तुझ्या नकाशात बघ, तपकिरी आहे. खरेखुरे डोंगर आहेत.

इथे वारा फार आहे. तो कुठे थांबत नाही. आई सकाळी मागचं दार उघडेल आणि

गिरणीतलं कामही धुळीचं आहे. मी आधी नीट विचार केला नव्हता. मामांची माफी माग, पण ती जागा सोडू नकोस. तुम्ही तिथे स्थिर झालात की मी सुटी काढून येत जाईन.

ताई

हानगोल,
३ एप्रिल १९७६

ताईस,

आपलं पत्र मिळालं.

मामांनी त्या खोल्या दुसऱ्यांना दिल्या. शाळेत माझ्या जागी नवा मास्तर आला आहे. चुलतभावाने त्याचे बैल आमच्या गोठ्यात बांधले आहेत. आम्ही मधल्या खोलीत राहतो आहोत.

आपलं पत्र मी आईला वाचून दाखवलेलं नाही. विचारलं तेव्हा सांगितलं, ताई हवापाण्याचं लिहिते.

एकट्या राहणाऱ्या माणसाला चार माणसं अंगावर येणं जड वाटत असेल, हे मला आधी कळायला हवं होतं. तिकडे राहून माणसं तशी होतात असं ऐकलं होतं. जोंगिम म्हणाली, "लांबून डोंगर पाठवायला सोपं असतं. माणसं यायला लागली की घर लहान होतं." मी तिला गप्प केलं. पण बांधावर गेलो आणि माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही.

आम्ही कोणावर ओझं होणार नाही. काय ते पाहू.

सोकजू

ऑर्विन,
६ जून १९७६

सोकजू,

तुझं पत्र आलं त्याला सहा आठवडे झाले. उत्तरं लिहिली आणि फाडली.

तुम्ही ओझं नाही. येऊ नका असं लिहिलं, त्या दिवशी सकाळी मी मिरानसाठी खिडकीचा पडदा शिवत होते. दक्षिणेची खोली आईसाठी ठेवली आहे, तिथे दिवसभर ऊन असतं. तिला रंग देऊन झाला होता.

आज रस्ता ओलांडून समोरच्या शेतात लांब चालत गेले आणि घराचा फोटो काढला. सोबत आहे. कापलेला नाही.

आईला दाखवायचा की नाही ते तू ठरव.

ताई

हानगोल,
१ जुलै १९७६

ताई,

फोटो पाहिला. खाली बोटभर जमीन आहे. तिच्यावर काडेपेटीएवढं तुझं घर. बाकी सगळा फोटो आकाश आहे.

तू काय कापत होतीस ते मला आता कळलं.

बारा वर्षं मी मुलांना मैदान शिकवलं. एकदा एकाने विचारलं होतं, "मास्तर, मैदानातून पुढे बघितलं तर काय दिसतं?" मी म्हटलं, गहू. ताई, मला भीती वाटली. आणि रागही आला. मामांचा नाही, तुझाही नाही. आईकडून तुझं चित्र मागून घेतलं आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिलो. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा मेण्याकडे. जन्मभर रोज पाहतो आणि मला ओळखता आला नाही. कागदावर अमेरिका लिहिलेलं होतं, एवढ्यानेच. भूगोलाचा मास्तर म्हणे.

एप्रिलमध्ये जे लिहिलं ते तू चुलीत घाल. तिकडे चूल नसेल तर फाड.

मामांचं पुन्हा पत्र आलंय. त्यांच्या ओळखीत दुसऱ्या दोन खोल्या आहेत, दुकानापासून जवळच. या महिन्यात कळवायचं आहे. जोंगिमने पत्र वाचलं आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवलं. 

आईला आता सांगणं भाग होतं. रात्री जेवताना सुरुवात केली, "आई, ताईच्या घरामागे..." तिने चमचा खाली ठेवला आणि हात पुढे केला. म्हणाली, "दे." फोटो घेऊन खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. सकाळी मिरानची पेन्सिल मागितली. दुपारी मला म्हणाली, "पत्ता तेवढा तू घाल. ती वाकडी लिपी मला येत नाही."

तिचं पत्र यातच घालतो आहे. भाताने चिकटवलंय. मी वाचलेलं नाही. ती म्हणेल ते करीन.

सोकजू

आपल्या पंचांगाचा सहावा महिना, पंचमी

ओकबुन,

मी पत्र लिहीत नाही. मी सांगते आणि सोकजू लिहितो. हे त्याला सांगायचं नाही म्हणून स्वतः लिहिते आहे. अक्षरं मोठी आहेत, एका ओळीत थोडीच मावतात.

तुझ्या घरामागे डोंगर नाही हे मला पहिल्याच उत्तरात कळलं. तू लिहिलंस, कुत्र्याला हाक मारते, हाक जाते ती जातेच. सोकजूने मोठ्याने वाचलं आणि तसाच पुढे गेला. पाठीला डोंगर असेल तर हाक परत येते. तू बांधावरून सोकजूला हाक मारायचीस आणि मागून डोंगरही मारायचा. तो मध्ये उभा राहून रडायचा, मला दोन ताया बोलावतात, कोणाकडे जाऊ. तू हसायचीस. मग त्याला पाठीवर घेऊन यायचीस.

नंतर तू चित्र पाठवलंस. तुला गाय येत नाही आणि डोंगर येतो? आणि तोही डावीकडे कललेला. पळालेला भोईसुद्धा सोडला नाहीस. लहानपणीही तू खोटं बोलायचीस ते असंच, सगळं खरं वापरून.

बे आजोबांना आंधळं समजू नकोस. ते जन्मभर याच डोंगराखाली बसलेत. त्यांनी चित्र पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी वाडगा भरला. ते म्हणाले, जागा चांगली आहे. मी पुन्हा भरला. ते म्हणाले, फार चांगली आहे. बुनरेची आई समोर होती म्हणून तर बोलावलं होतं त्यांना. ती न बोलावता येणारच, हे मला माहीत होतं.

मी विहिरीवर सगळ्यांपुढे बोलून बसले होते. बोललेलं मागे कसं घ्यायचं? तू कागद पाठवलेस, मला यायचं होतं. पण मुलाची आई मुलीकडे जायचं म्हणते, हे तोंडातून कसं काढायचं? तू डोंगर पाठवलास. मी तो घेतला. खोटं तू बोललीस, कामाला मी आणलं. तेव्हा आता रडायचं नाही.

काल फोटो पाहिला. घर फार लहान आहे आणि वरचं फार मोठं आहे. मला डोंगर नाही एवढंच वाटलं होतं. एवढं काहीच नसेल असं नव्हतं वाटलं. आठ वर्षं तू तिथे निजलीस आणि मला घराचं कपाळ कापून पाठवत राहिलीस. जेवतेस की नाही हे सोकजू पूर्वी दर पत्रात विचारायचा, ते मीच सांगायचे. निजतेस कशी हे विचारायला हवं होतं.

आता नीट ऐक. सोकजूने मामांकडे जावं. जोंगिमने अकरा वर्षं माझं ऐकलं आणि तिच्या माहेरची बाजू एकदाही पुढे केली नाही. आता तिचं होऊ दे. तिथे त्यांना आपली माणसं आहेत. मी तुझ्याकडे येणार आहे. सोकजूला हे उद्या सांगेन, पत्र पोस्टात पडल्यावर. तो रागावेल. मग मला घेऊन त्या हिरव्या नकाशासमोर उभा राहील आणि किती लांब आहे ते छडीने दाखवेल. दाखवू दे. गल्ली म्हणेल, मुलाने आईला मुलीच्या दारात नेऊन सोडलं. म्हणू दे. तेव्हा आपण कोणी गल्लीत नसू.

कबरीचं विचारशील म्हणून लिहिते. तुझ्या बाबांना सांगून आले. त्यांच्या पाठीला डोंगर आहे, त्यांची काळजी नाही.

दगड आणत नाही. जोंगिम म्हणते ते खरं आहे, वजन धरतात. बुनरेच्या आईला दिला. ती म्हणाली, "एवढा जड दगड देतेस, परत येणार नाहीस वाटतं." मी म्हटलं, "तुझी किमची वर येऊ नये म्हणून देते." मग आम्ही दोघी बराच वेळ ओट्यावर बसलो. रांजण नव्हते, जागा पुष्कळ होती.

तू दक्षिणेची खोली माझ्यासाठी रंगवलीस असं सोकजू म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला ऊबदार खोली द्यावी, तुला शिकवलं ते तुझ्या लक्षात आहे. पण ती तू घे. दिवसभर उभी राहून येतेस. मला मागची दे, सामानाची, उत्तरेची. वारा तिथे आधी लागतो असं तू लिहिलंस. सामान दुसरीकडे हलव आणि माझं अंथरूण त्या भिंतीला लावून ठेव. वाद घालू नकोस.

मी फार मोठी नाही. पण एकदा बसले की हलत नाही, हे तुला माहीत आहे.

आई